साठवलेल्या तांबड्या पेशी आणि अँटीबॉडी तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तपेढीत नव्याने लागलेले तंत्रज्ञ, परीक्षेला बसणारे विद्यार्थी आणि मधूनच रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेले रुग्ण यांच्याकडून फिरून फिरून येणारे हे प्रश्न, रुग्णाच्या रक्तातली अँटीबॉडी (परक्या पेशीला चिकटणारं प्रथिन) शोधायला वापरतात त्या तांबड्या पेशींबद्दलचे. पहिले पाच कोणालाही वाचता येतील. पुढचे मुख्यतः प्रत्यक्ष बेंचवर काम करणाऱ्यांसाठी आहेत.

१. तपासणीच्या पेशी म्हणजे रुग्णाला चढवतात त्या पिशवीतलंच रक्त का?

येतं दात्याकडूनच, पण वाट वेगळी. दात्याच्या रक्तातला प्लाझ्मा आणि पांढऱ्या पेशी काढून टाकतात, तांबड्या पेशी सलाईनने धुतात आणि पेशी टिकवणाऱ्या द्रावणात पातळ करून छोट्या कुप्यांमध्ये भरतात. ट्यूबमध्ये करायच्या तपासणीच्या कुपीत पेशी जेमतेम तीन टक्के असतात, बाकी सगळं द्रावण. या पेशी कोणाच्याही शरीरात जात नाहीत. त्यामुळे त्यांनी ऑक्सिजन वाहिला नाही तरी बिघडत नाही, मात्र पृष्ठभागावरचे अँटिजेन (अँटीबॉडी ज्यांना चिकटते त्या खुणा) शाबूत असायला हवेत. कोणत्या कुपीवर कोणते अँटिजेन आहेत हे आधीच तपासून एका तक्त्यात छापलेलं असतं. त्याला अँटिग्राम म्हणतात. अँटिग्राम नसेल तर ती कुपी म्हणजे नुसतं लाल पाणी.

२. अँटीबॉडी रुग्णाच्या रक्तात शोधायची, मग दुसऱ्याच्या पेशी कशाला?

कारण शरीर सहसा स्वतःच्या अंगावर नसलेल्या अँटिजेनविरुद्धच अँटीबॉडी बनवतं. ज्याच्या पेशींवर ‘ई’ अँटिजेन नाही, त्याच्या प्लाझ्मात अँटी-ई तयार होऊ शकते, आणि ती पकडायला ‘ई’ असलेली दुसऱ्या कोणाची तरी पेशीच लागते. रक्त चढवणं किंवा गर्भारपण ही अशी अँटीबॉडी तयार होण्याची नेहमीची कारणं. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आपण वापरतो, पण ऑटो कंट्रोल म्हणून, म्हणजे त्याचाच प्लाझ्मा त्याच्याच पेशींवर लावून बघायला. त्याचा उपयोग प्रश्न १२ मध्ये कळेल.

३. या पेशी नेहमी ओ गटाच्याच का?

ओ गटाच्या पेशींवर ए आणि बी हे अँटिजेन नसतात. ए गटाची पेशी वापरली असती, तर बी किंवा ओ गटाच्या रुग्णाच्या प्लाझ्मातली नैसर्गिक अँटी-ए तिच्यावर तुटून पडली असती आणि आपल्याला हवी ती अँटीबॉडी त्या गोंधळात दिसलीच नसती. रक्तगट उलट बाजूने, म्हणजे प्लाझ्मातल्या अँटीबॉडीवरून, पडताळायला ए-वन (ए गटाचा एक प्रकार) आणि बी पेशी लागतात, त्यांच्या कुप्या वेगळ्या. ओ पेशींच्या या नियमातच एक सापळा आहे, तोही प्रश्न १२ मध्ये.

४. कधी तीनच पेशी लावतात, कधी अकरा. फरक काय?

दोन-तीन पेशींचा संच म्हणजे स्क्रीनिंग : अँटीबॉडी आहे की नाही, एवढंच तो सांगतो. तिघींमध्ये मिळून डी, मोठा सी, लहान सी, मोठा ई, लहान ई, केल, डफी, किड, एम, एन, एस, पी-वन, लुईस हे महत्त्वाचे अँटिजेन येतील अशी निवड असते. त्यातली एखादीही पेशी पॉझिटिव्ह आली, म्हणजे गुठळली, की ओळख पटवायला पॅनेल काढायचं. ते बहुधा अकरा पेशींचं असतं. कुठली पेशी पॉझिटिव्ह आली, कुठली नाही, याचा नमुना अँटिग्रामवर ठेवून एकेक शक्यता खोडत जायचं.

‘तीन पॉझिटिव्ह, तीन निगेटिव्ह’ हा नियम कुठून आला, असंही विचारतात. सहा पेशींमधून तीन निवडण्याचे वीस प्रकार होतात. म्हणजे अँटिजेन असलेल्या तिन्ही पेशी पॉझिटिव्ह आणि नसलेल्या तिन्ही निगेटिव्ह येणं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता वीसात एक. एवढी खात्री पुरेशी धरतात.

५. मी आरएच निगेटिव्ह आहे, गरोदर आहे, इनडायरेक्ट कूम्ब्ज (प्लाझ्मातली अँटीबॉडी शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली. बाळाला धोका आहे का?

आधी एक गोष्ट आठवून सांगा : अलीकडे अँटी-डीचं इंजेक्शन घेतलंय का? त्या इंजेक्शनात अँटी-डीच असते, आणि साठवलेली पेशी ती टोचलेली की शरीराने बनवलेली हे ओळखू शकत नाही. इंजेक्शननंतर काही आठवडे, कधी काही महिनेही, टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. इंजेक्शनची तारीख लॅबला कळवा आणि पुढचं डॉक्टरांना ठरवू द्या. इंजेक्शन घेतलेलंच नसेल, तर मात्र अँटीबॉडी कोणती आणि तिचं टायटर (प्रमाण) किती हे शोधावं लागतं. तिथे थांबून राहू नका.

६. पेशी कशात आणि कशा साठवतात?

जुनं, अजूनही पुष्कळ ठिकाणी घरच्या घरी बनवलं जाणारं द्रावण म्हणजे अल्सेव्हर. १९४१ सालचं. त्यात डेक्स्ट्रोज पेशीला खायला, सायट्रेट गुठळी होऊ नये म्हणून, मीठ दाब राखायला आणि थोडं सायट्रिक ॲसिड. कंपन्यांच्या द्रावणात शिवाय ॲडेनाइन, इनोसिन आणि जंतू वाढू नयेत म्हणून निओमायसिन किंवा क्लोरॅमफेनिकॉलसारखी अँटिबायोटिक्स असतात. ही नावं लक्षात ठेवा, पुढे एका कोड्याचं उत्तर त्यांच्यातच आहे.

तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. कुपी उभी ठेवायची, फ्रीजच्या दारात नाही, कारण दार दिवसातून शंभरदा उघडतं. मुदत उत्पादकानुसार बदलते, पण मोजायची ती आठवड्यांत, वर्षांत नव्हे. म्हणूनच या पेशींची ऑर्डर एकदम भरून ठेवता येत नाही, ठरावीक अंतराने मागवत राहावी लागते.

७. मुदतीच्या आत आहे म्हणजे पेशी शेवटच्या दिवसापर्यंत पहिल्या दिवसासारखीच चालते ना?

नाही. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच प्रश्नावर.

मुदत म्हणजे उत्पादकाने घालून दिलेली बाहेरची मर्यादा. तिच्या आतही पेशी रोज थोडी म्हातारी होतच असते. सगळे अँटिजेन सारख्या वेगाने झिजत नाहीत. आरएच आणि केल चिवट असतात. डफी, एम, एस, पी-वन, लुईस आणि नॉप्स गटातले अँटिजेन साठवणीत आधी कमजोर पडतात. लुईस तर मुळात पेशीने बनवलेलाच नसतो, प्लाझ्मातून येऊन चिकटलेला असतो, त्यामुळे धुण्यात आणि साठवणीत सुटणं त्याच्या स्वभावातच आहे. डफी-एचं आणखी वेगळं. आम्लधर्मी, कमी क्षाराच्या द्रावणात तो पेशीवरून सुटून द्रावणात उतरतो. मग ट्यूबमध्ये दुहेरी नुकसान : पेशीवर अँटिजेन कमी, आणि द्रावणात मोकळा फिरणारा अँटिजेन रुग्णाची थोडीशी अँटीबॉडी आधीच गिळून बसतो.

आता यात डोसेज मिसळा. आई-वडील दोघांकडून डफी-ए मिळालेल्या पेशीवर तो दुप्पट असतो, एकाकडूनच मिळाला तर निम्मा. कमजोर अँटी-डफी-ए ताज्या दुहेरी डोसच्या पेशीला एक प्लस (गुठळीचा जोर एक ते चार प्लसमध्ये लिहितात) देते, निम्म्या डोसच्या पेशीला काहीच नाही. तीच दुहेरी पेशी मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात निम्म्यासारखी वागू लागली, तर स्क्रीनिंग स्वच्छ निगेटिव्ह येतं. कुठेही लाल दिवा पेटत नाही. तीन-चार प्लस देणारी तगडी अँटीबॉडी जुन्या पेशीलाही पकडते, हुकते ती नेमकी कमजोर. आणि डफी-किडच्या अँटीबॉडीज सवयीने मागे हटणाऱ्या : काही महिन्यांत पातळी इतकी खाली जाते की दिसतच नाहीत, आणि पुन्हा तसं रक्त चढलं की काही दिवसांत उसळून रुग्णाच्या अंगातल्या चढवलेल्या पेशी फोडतात.

मग करायचं काय? कंट्रोल, म्हणजे पेशी नीट चालतात का हे बघायला लावायची माहितीतली अँटीबॉडी, कमजोर ठेवा (प्रश्न १०). एखादी शक्यता खोडताना दुहेरी डोसची पेशीच वापरा. आणि रुग्णाला पूर्वी अँटीबॉडी सापडल्याची नोंद असेल, तर आजच्या निगेटिव्हपेक्षा त्या जुन्या नोंदीला जास्त मान द्या.

८. कुपीतलं वरचं पाणी गुलाबी दिसतंय. टाकून द्यायची का?

पेशी खाली बसल्यावर वरचं द्रावण पारदर्शक असावं. साठवणीत थोड्या पेशी फुटतातच, त्यामुळे मुदतीच्या शेवटाकडे फिकट गुलाबी छटा येणं मान्य असतं. कुपी पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. रंग गडद लाल झाला असेल, पेशी काळपट-तपकिरी पडल्या असतील, हलवूनही न मोडणारे गोळे असतील किंवा द्रावण गढूळ असेल, तर विचार न करता बाजूला काढा.

फुटलेल्या पेशी त्रास देतात याचं एक खास कारण आहे. सीरम वापरून केलेल्या टेस्टमध्ये अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली पेशी फोडणारी प्रथिनं) मिळून पेशी फोडतात, तेव्हा तो पॉझिटिव्ह निकाल असतो. कुपीच आधीपासून लाल असेल तर हा लाल कोणाचा, हे कसं ओळखणार? ईडीटीए हे गुठळी रोखणारं रसायन घातलेल्या नमुन्यात हा प्रश्न येत नाही, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कॉम्प्लिमेंट चालतच नाही.

९. वापरण्यापूर्वी जोरात हलवायची का? आणि दरवेळी धुवायची का?

हलवायची, पण हळुवार : कुपी आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा. जोरात हलवलं की फेस येतो आणि पेशी फुटतात. न हलवता वरूनच थेंब घेतला तर ट्यूबमध्ये पेशीच कमी पडतात, तळाचा घेतला तर इतक्या जास्त की थोडीशी अँटीबॉडी त्यांच्यात वाटली जाऊन रिॲक्शन दिसत नाही. आधी कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, काम झालं की लगेच आत ठेवा. कुपी दिवसभर रॅकमध्ये उभी ठेवायची सवय मी पुष्कळ बेंचवर पाहिली आहे. ती तिचे आठवडे खाते.

रोजच्या कामात धुवायची गरज नाही. कधी धुवायची ते प्रश्न १२ मध्ये.

ट्यूबची कुपी जेल कार्डात (ट्यूबऐवजी जेल भरलेल्या बारीक नळ्यांच्या कार्डात) चालेल का, हेही याच ओघात विचारतात. तशीच नाही. ट्यूबला सुमारे तीन टक्के, जेलला ०.८ टक्के पेशी लागतात. तीन टक्क्यांच्या पेशी जेलमध्ये टाकल्या तर पट्टा जाड येतो, रेषा शेपटासारखी ओढली जाते आणि निकाल वाचता येत नाही. पातळ करायचीच असेल तर जेलच्या कंपनीने सांगितलेल्या द्रावणात करा आणि त्याच दिवशी वापरा.

१०. रोजच्या कंट्रोलला कोणती अँटीबॉडी घ्यावी?

कमजोर घ्या. चार प्लस देणाऱ्या अँटी-डीने रोज ‘पास’ लिहिलं, तर पेशी बऱ्याच झिजल्या तरी रोज पासच येत राहणार. अँटी-डी पातळ करून एक ते दोन प्लस येईल अशी ठेवा, आणि जमल्यास झिजणाऱ्या अँटिजेनसाठी, म्हणजे डफी-एसाठी, वेगळी कमजोर अँटीबॉडी आठवड्यातून एकदा लावा. आकडा वहीत लिहा, नुसती बरोबरची खूण नको. दोन प्लसचं एक प्लस होताना दिसलं, तर मुदत शिल्लक असली तरी नवा लॉट उघडायची वेळ आली.

निगेटिव्ह ट्यूबमध्ये टाकतात त्या कूम्ब्ज कंट्रोल पेशी वेगळ्या. त्यांच्यावर आधीच आयजीजी (अँटीबॉडीचा एक प्रकार) चढवलेलं असतं. धुणं नीट झालं असेल आणि कूम्ब्ज सीरम (अँटीबॉडी चढलेल्या पेशींना एकमेकींशी जोडणारं) पडलं असेल, तर त्या गुठळतात. नाही गुठळल्या तर ती निगेटिव्ह धरायची नाही, टेस्ट पुन्हा. म्हणजे हा कंट्रोल धुण्याचा आणि कूम्ब्ज सीरमचा. स्क्रीनिंग पेशी ताज्या आहेत की झिजल्यात, हे तो सांगत नाही. या दोन्हींची गल्लत फार होते.

११. फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला लागून कुपी गोठली. वितळवून वापरू का?

नको. गोठताना पेशीत बर्फाचे खडे होतात आणि वितळल्यावर पेशी फुटतात. माझ्या उमेदवारीच्या काळात एका सोमवारी पॅनेलच्या दोन कुप्या अशाच निघाल्या. एक तर सरळ लाल पाणी झाली होती, ती कोणीही टाकली असती. दुसरी कडेलाच थोडी गोठून परत सुटली होती आणि हलवल्यावर जवळपास नेहमीसारखी दिसत होती. मी ती लावली. दुपारी वरिष्ठ बाईंनी कुपी उजेडात धरली, दहा मिनिटं उभी ठेवली आणि वरचं द्रावण दाखवलं. त्या दिवशीचे सगळे पॅनेल पुन्हा लावले. तेव्हापासून फ्रीजच्या मागच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडतो, आणि तापमानाची नोंद दारातल्या नव्हे, कुप्यांच्याच शेजारच्या थर्मामीटरची घेतो.

मग दुर्मिळ पेशी गोठवून वर्षानुवर्षं ठेवतात ते कसं? ते प्रश्न १६ मध्ये.

१२. सगळ्याच पेशी पॉझिटिव्ह येतायत. रुग्णात दोष की कुपीत?

ऑटो कंट्रोल बघा. तोही पॉझिटिव्ह असेल, तर बहुधा रुग्ण स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवतोय, किंवा नुकतंच रक्त चढवलं गेलंय. ऑटो निगेटिव्ह असेल तर तीन वाटा.

पहिली : जवळजवळ प्रत्येकाच्या पेशींवर असणाऱ्या अँटिजेनविरुद्ध अँटीबॉडी, किंवा अनेक अँटीबॉडीज एकत्र. ही खरी अडचण, संदर्भ प्रयोगशाळेकडे जाणारी.

दुसरी : द्रावणाविरुद्ध अँटीबॉडी. प्रश्न ६ मधली क्लोरॅमफेनिकॉल, निओमायसिन, इनोसिन आठवा. काही लोकांच्या प्लाझ्मात अशा एखाद्या रसायनाच्या उपस्थितीतच पेशींना चिकटणारी अँटीबॉडी असते. ऑटो कंट्रोलच्या पेशी साध्या सलाईनमध्ये असतात म्हणून तो निगेटिव्ह. कंपनीच्या पेशी सलाईनने तीन-चारदा धुऊन पुन्हा लावा. रिॲक्शन गायब झाली, तर दोष रुग्णाचा नव्हे. उलट तपासायचं तर रुग्णाच्याच धुतलेल्या पेशी त्या द्रावणात मिसळून बघा.

तिसरी : बॉम्बे रक्तगट. १९५२ मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो प्रथम नोंदवला. या व्यक्तीच्या पेशींवर एच अँटिजेनच नसतो, म्हणून रक्तगट ओ वाटतो. पण प्लाझ्मातली अँटी-एच ओ गटाच्या प्रत्येक पेशीला गुठळवते, आणि आपल्या सगळ्या कुप्या ओ! रुग्णाच्या पेशी अँटी-एच लेक्टिनने (एच अँटिजेनला चिकटणाऱ्या वनस्पतीतल्या प्रथिनाने) तपासल्या की उलगडतं. ही शक्यता डोक्यात आलीच नाही तर माणूस दिवसभर पॅनेल बदलत बसतो.

१३. आणि एकच कुपी सगळ्या रुग्णांना पॉझिटिव्ह येत असेल तर?

मग कुपीकडे बोट दाखवा. जंतूंचा संसर्ग झाला की त्यांचं न्युरामिनिडेज एन्झाइम पेशीचा पृष्ठभाग कुरतडतं आणि आत दडलेला टी अँटिजेन उघडा पडतो. जवळजवळ सगळ्या प्रौढांच्या प्लाझ्मात अँटी-टी असतेच, त्यामुळे कोणाचाही नमुना घाला, ती कुपी गुठळणार. दहा रुग्णांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की एका नजरेत दिसतं. एकेक रिपोर्ट सुटा बघणाऱ्याला मात्र कळत नाही. ड्रॉपरचं टोक ट्यूबला टेकवायचं नाही, हे त्यासाठीच.

१४. डाराटुमुमॅब (मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध) घेणाऱ्या रुग्णात पॅनेल बिघडतं, ते पेशी बदलून सुटेल का?

बदलून नाही, पेशींवर प्रक्रिया करून सुटतं. हे औषध सीडी-३८ या रेणूला चिकटतं, आणि तो तांबड्या पेशींवरही थोडा असतो. म्हणून कूम्ब्जच्या पायरीवर सगळ्या पेशी बारीक पॉझिटिव्ह येतात, औषध थांबवल्यावर काही महिनेसुद्धा. ०.२ मोलर डीटीटी या रसायनाची पेशींवर प्रक्रिया केली की सीडी-३८ नष्ट होतो. पण सोबत केल अँटिजेनही जातो, म्हणून अँटी-केल आहे की नाही हे मग सांगता येत नाही, आणि अशा रुग्णाला केल-निगेटिव्ह रक्त देतात. कंट्रोल दोन लावा : केल-पॉझिटिव्ह पेशी प्रक्रियेनंतर निगेटिव्ह व्हायला हवी, मोठा ई असलेली पेशी पॉझिटिव्हच राहायला हवी. रक्तगट आणि पॅनेल औषधाच्या पहिल्या डोसाआधीच करून ठेवणं सगळ्यात स्वस्त.

१५. मुदत संपलेलं पॅनेल ठेवून द्यावं का? आणि स्क्रीनिंग निगेटिव्ह असूनही क्रॉसमॅच (दात्याच्या पिशवीतल्या पेशी रुग्णाच्या प्लाझ्माशी जुळवून बघणं) का जुळत नाही?

दोन्हींची उत्तरं एकाच जागी येतात, म्हणून एकत्र. मुदत संपलेल्या पेशी स्क्रीनिंगला कधीच नाहीत. ओळख पटवताना एखादी जास्तीची शक्यता तपासायला, त्याच अँटिजेनचा कमजोर कंट्रोल त्याच वेळी लावून, काही प्रयोगशाळा त्या वापरतात. तुमच्या नियामकाची परवानगी आणि लेखी पद्धत असेल तरच. कंट्रोल चुकला तर ती निगेटिव्ह कचऱ्यात.

जुनी पेशी जपून ठेवतात ती बहुधा तिच्यावरच्या विरळ अँटिजेनसाठी, उदाहरणार्थ राइट-ए किंवा केपी-ए. हे थोड्याच लोकांत असतात आणि नेहमीच्या तीन स्क्रीनिंग पेशींवर नसण्याचीच शक्यता जास्त. रुग्णात त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी असेल, तर स्क्रीनिंग निगेटिव्ह येईल आणि नेमक्या त्या दात्याची पिशवी जुळणार नाही. दुसरी पिशवी सहसा जुळते. दात्याच्या पेशींची डायरेक्ट कूम्ब्ज (पेशींवर आधीच अँटीबॉडी चढलीय का, ही तपासणी) पॉझिटिव्ह असणं आणि एबीओ गटाची चूक हीही कारणं, आणि त्यातलं शेवटचं सगळ्यात आधी तपासायचं.

१६. दुर्मिळ पेशी वर्षानुवर्षं कशा टिकवतात?

ग्लिसरॉल घालून. १९५० मध्ये ऑड्री स्मिथ यांनी दाखवलं की ग्लिसरॉलमध्ये तांबड्या पेशी गोठवून परत जिवंत मिळवता येतात. ते पेशीत शिरतं आणि बर्फाचे खडे होऊ देत नाही. सुमारे ४० टक्के ग्लिसरॉलमध्ये पेशी उणे ६५ अंश किंवा त्याखाली ठेवतात. चाचणीपुरत्या थोड्या पेशी छोट्या थेंबांच्या रूपात द्रव नायट्रोजनमध्येही जपतात : हवे तेवढे थेंब काढायचे, बाकी तसेच.

वितळवल्यावर ग्लिसरॉल पायरीपायरीने, कमी होत जाणाऱ्या तीव्रतेच्या द्रावणांनी धुऊन काढावं लागतं. घाई करून एकदम सलाईन ओतलं तर पेशीत पाणी घुसून ती फुटते. शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ बिनरंगी आलं की थांबायचं, आणि कुपीवर वितळवल्याची वेळ लिहायची. नुसती तारीख लिहिलेली कुपी संध्याकाळच्या पाळीला काही कामाची नसते.